जुन्या गाडीचे ब्रेक लाइट: बिघाड मागून पुढे कसा शोधायचा

पद्मिनी असो, अँबेसिडर असो की सुरुवातीच्या काळातली मारुती ८००, ब्रेक लाइट बंद पडला की आधी बल्ब बदलला जातो, मग स्विच, आणि तरीही उजेड पडला नाही तर बॉनेटपासून डिकीपर्यंत नवी वायर ओढली जाते. एवढं करून खरा दोष बहुतेक वेळा जागच्या जागीच राहतो, कारण तो होल्डरच्या गंजात नाहीतर अर्थिंगच्या स्क्रूखाली असतो. ठाणे आणि नवी मुंबईत तर हमखास. खाडीवरचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि सोसायटीच्या स्टिल्टमध्ये आठवडेच्या आठवडे उभी असलेली गाडी, यात तांब्यापितळेला कळंक चढतोच.

ब्रेक लाइटचं सर्किट छोटं आहे. करंट बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून ब्रेकच्या स्विचला जातो, पेडल दाबलं की तिथून गाडीच्या कडेने मागच्या दिव्यांपर्यंत पोचतो, आणि बल्बच्या पितळी अंगातून होल्डरमार्गे गाडीच्या बॉडीत उतरून बॅटरीला परत येतो. परतीचा हा दुसरा अर्धा रस्ता, म्हणजेच अर्थिंग, वायरिंगच्या नकाशात एका छोट्या खुणेने दाखवलेला असतो, त्यामुळे तो तपासायचं राहून जातं. म्हणून सुरुवात मागून करा.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, साधा चालेल. टेस्ट लॅम्प मात्र हवाच: १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप, तो घरी बनवा. १.५ चौरस मिलिमीटरची गाडीची वायर ६ मीटर, रिंग थिंबल आणि क्रिंपिंगचा पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, १० चा पाना, व्हॅसलिन, दोन नवे बल्ब आणि गाडीला लागणारे चार फ्यूज. पेडल दाबायला माणूस नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवायला लाकडी दांडा.

मीटर आणि वायर लॅमिंग्टन रोडला चांगली मिळते. पद्मिनीचे होल्डर, लेन्स, स्विच यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांच्या जोरावर चालणारा हा माल आता विरळ होत जाणार, तेव्हा चांगला होल्डर दिसला तर दोन घेऊन ठेवा.

कागदांत गाडीच्या मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा मोठा करून प्रिंट काढा. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीसाठी गाडी दाखवायची असेल (ठाणे एमएच ०४, वाशी एमएच ४३, कल्याण एमएच ०५, पनवेल एमएच ४६), तर आरसी, विमा, पीयूसी आणि फॉर्म २५ (फेरनोंदणीचा अर्ज) यांच्याबरोबरच ब्रेक लाइटही आधी पाहून घ्या. तपासणीत तो पाहिला जातो.

१. लक्षण नीट लिहून घ्या

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. चावी ऑन करा, पेडल दाबा, मग हेच टेल लाइट लावून आणि नंतर इंडिकेटर चालू ठेवून करा. अर्धं निदान इथेच होतं.

- एकच बाजू बंद: बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचं अर्थिंग. पायरी ३ ते ५.
- दोन्ही बंद: फ्यूज किंवा स्विच. दोन्ही बल्ब एकाच दिवशी गेले, असं क्वचित होतं. पायरी ६ आणि ७.
- दोन्ही लागतात पण मंद: अर्थिंग किंवा झिजलेले जोड. पायरी ५.
- ब्रेक दाबला की टेल लाइट मंदावतो, इंडिकेटरची गती बदलते किंवा डॅशबोर्डचा दिवा मिणमिणतो: अर्थिंग, नाहीतर चुकीचा बल्ब.
- पाय काढला तरी पेटलेलाच: स्विच. पायरी ७.
- जोरात ब्रेक मारला तरच लागतो: प्रेशरवर चालणारा स्विच थकलाय.

२. काम सुरू करण्याआधी

बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेक लाइट चावी ऑन असल्याशिवाय लागत नाही. पण पॉइंट (इग्निशनचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून चावी ऑन ठेवली आणि पॉइंट मिटलेले असले, तर इग्निशन कॉइलमधून सतत करंट वाहतो. कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. तपासणीला अर्धा-पाऊण तास सहज जातो, म्हणून कॉइलकडे येणारी चावीची वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. ल्युकास कंपनीच्या कॉइलवर या टर्मिनलला एसडब्ल्यू लिहिलेलं असतं.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय तेही बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह असतं, पण जुन्या ब्रिटिश वळणाच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह असतं. तशी गाडी असेल तर खाली जिथे 'बॅटरीचं निगेटिव्ह' म्हटलंय तिथे तुम्ही पॉझिटिव्ह समजा.

स्थिर गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवतील.

३. बल्ब

टेल आणि ब्रेक मिळून एकच बल्ब असेल तर तो १२ व्होल्ट २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा. ५ वॅट टेलचं, २१ वॅट ब्रेकचं. त्याच्या अंगावरच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. एका फिलामेंटच्या २१ वॅटच्या बल्बच्या खुंट्या समान उंचीवर असतात आणि खाली एकच संपर्क असतो.

इथे दोन चुका नेहमी सापडतात. पहिली, झिजलेल्या होल्डरमध्ये दोन फिलामेंटचा बल्ब दाबून उलटा बसवलेला. मग टेल लाइट भगभगीत आणि ब्रेक दाबल्यावर मात्र फारसा फरक नाही. दुसरी, दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब कोंबलेला. त्याचा मधला एकच ठिपका होल्डरचे दोन्ही संपर्क जोडतो, आणि ब्रेक दाबला की टेल, पार्किंग आणि डॅशबोर्डवरच्या मीटरचा दिवा सगळंच पेटतं. दोन फिलामेंटच्या बल्बात तुटलेला तुकडा दुसऱ्या फिलामेंटवर पडला तरी हेच होतं, म्हणून काच उजेडाकडे धरून बघा.

मीटरने तपासताना लक्षात ठेवा: थंड २१ वॅटच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स अर्धा ते एक ओहम इतकाच येतो. हिशेबाने येणारे सात ओहम पेटलेल्या बल्बचे. मीटर जवळजवळ शून्य दाखवतोय म्हणून चांगला बल्ब फेकू नका.

४. होल्डर

बल्ब काढून टॉर्चने आत बघा. तळाशी फायबरची चकती असते, तिच्यावर पितळी ठिपके आणि खाली स्प्रिंग. ओलाव्याने चकती फुगली की अडकते, स्प्रिंग तिला वर ढकलत नाही आणि ठिपका बल्बला लागतच नाही. बोटाने दाबून सोडा, ती टुणकन वर आली पाहिजे. बल्बच्या खालच्या शिशाच्या ठिपक्यात खोल खड्डा पडला असेल तर बल्ब बदला.

हिरवट-पांढरा थर पॉलिश पेपरने काढा. खुंट्या बसतात त्या खाचा आणि होल्डरची आतली भिंतसुद्धा घासा, कारण बल्बचं अर्थिंग तिथूनच जातं. कापूसकाठीने कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पुसा, कोरडं होऊ द्या. होल्डरचा पत्रा बोटाने सोलला जात असेल तर साफसफाईवर वेळ घालवू नका, नवा बसवा.

लेन्सच्या मागचा रबर कडक झालेला असेल तर तोही आत्ताच बदला. पाणी तिथूनच येतं.

५. अर्थिंग: इथे घाई नको

अर्थिंग तुटलं की करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. दोन फिलामेंटच्या बल्बात ही वाट समोरच असते. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट बल्बच्या अंगातून बॉडीत उतरू शकला नाही, तर तो शेजारच्या टेलच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, टेलच्या वायरने पुढे येतो आणि पार्किंगच्या किंवा मीटरच्या दिव्यातून बॉडी गाठतो. ब्रेकवर पाय ठेवल्यावर डॅशबोर्ड मिणमिणतो तो यामुळे. असं दिसलं की स्विचकडे बघायचंही कारण नाही, मागचं अर्थिंग धरा.

आता मीटरची एक फसवणूक समजून घ्या. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला आणि १२.४ व्होल्ट दिसले, म्हणून वायर चांगली आहे असं ठरत नाही. मीटर स्वतः नगण्य करंट घेतो. वीस तारांच्या वायरीत एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. २१ वॅटचा बल्ब १.७५ अँपिअर मागतो, दोन मिळून ३.५. तो भार ओढला जात असतानाच खराब जोड उघडा पडतो. म्हणून माप नेहमी बल्ब जागेवर, पेटलेला आणि पेडल दाबलेलं असताना घ्या.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. ६ मीटरची वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून डिकीपर्यंत आणा आणि मीटरची काळी पिन तिला लावा. मग तीन मापं:

अ) बॅटरीच्या दोन टोकांमध्ये.
ब) होल्डरमागच्या ब्रेकच्या वायरीच्या जोडावर.
क) होल्डरच्या पत्र्यावर.

समजा अ १२.४, ब ११.९ आणि क १.८ आलं. पुढून येणाऱ्या वाटेत अर्धा व्होल्ट गेला, हे जुन्या गाडीत चालण्यासारखं आहे. पण परतीच्या वाटेत १.८ व्होल्ट अडले, आणि बल्बच्या वाट्याला १०.१ आले. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो: व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. १०.१ व्होल्टला बल्ब निम्म्याच्या आसपास उजेड देतो. गायमुखच्या घाटात पावसाच्या सरीत मागच्या कंटेनरवाल्याला तो दिसेलच असं नाही.

क चं माप ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर होल्डरच्या पत्र्यापासून डिकीच्या जाड पत्र्यापर्यंत स्वतंत्र १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाका. दिव्याच्या स्क्रूवर विसंबू नका. बॉडी रंगवताना त्याखाली रंगाचा आणि लांबीचा (पुट्टीचा) थर बसलेला असतो. जागा निवडा, पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर, रिंग थिंबल आणि ६ मिलिमीटरचा बोल्ट घट्ट आवळा. घट्ट झाल्यावरच वरून व्हॅसलिन किंवा रंग लावा. दोन्ही बाजूंना वेगळी वायर द्या, एका बाजूचं अर्थिंग दुसऱ्या बाजूवर टांगू नका.

तरीही माप सुधारलं नाही तर बॅटरीपासून बॉडीला येणारी जाड पट्टी सोडवून तिची दोन्ही टोकं घासा.

६. फ्यूज

पद्मिनीत चिनी मातीच्या कांडीचे फ्यूज असतात, पट्टी बाहेरून दिसते. पट्टी शाबूत म्हणजे फ्यूज चांगला, असं मानू नका. टोकांवर आणि पितळी क्लिपवर काळा थर चढला की संपर्क जातो. फ्यूज बोटाने फिरवल्यावर दिवा लागला तर हाच दोष. टोकं आणि क्लिप घासा, क्लिप पक्कडीने जराशी मिटवा.

या कांड्यांत पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. पांढरा उडतोय म्हणून लाल घालू नका. चांदीचा कागद गुंडाळणं तर आग लावण्यासारखं आहे: पुढे शॉर्ट झालं की फ्यूजऐवजी मॅटखालची वायर जळते.

फ्यूज सारखा उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नका. मागचे दोन्ही बल्ब काढा, वायपर, इंडिकेटर बंद ठेवा, आणि फ्यूजच्या जागी तुमचा २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. बल्ब आधी काढणं महत्त्वाचं, नाहीतर शॉर्ट नसतानाही टेस्ट लॅम्प पेटेल. आता पेडल न दाबताच तो पूर्ण पेटला, तर शॉर्ट स्विचच्या अलीकडे किंवा त्याच फ्यूजवरच्या दुसऱ्या उपकरणात. पेडल दाबल्यावरच पेटला, तर स्विच ते मागचे दिवे या टप्प्यात. मग त्या टप्प्यातले जोड एकेक करून सोडवा, लॅम्प ज्या क्षणी विझेल तिथून पुढचा तुकडा दोषी. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथला झडलेला रबर, नंतर बसवलेल्या स्पीकरचे स्क्रू आणि उंदरांनी सोललेली जागा, या तीन ठिकाणी आधी बघा.

७. स्विच

आधी तुमच्या गाडीत कुठला आहे ते ओळखा. पेडलच्या वर ब्रॅकेटमध्ये बटणासारखा असेल तर तो यांत्रिक. ब्रेकच्या पाइपवर किंवा मास्टर सिलिंडरजवळ पेचाने बसवलेला, दोन वायरी असलेला असेल तर तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा.

दोन्हींची चाचणी एकच: वायरी काढून एकमेकींना जोडा, चावी ऑन. ब्रेक लाइट लागला तर स्विच खराब. नाही लागला तर टेस्ट लॅम्पने दोन्हींपैकी एका वायरीला करंट येतोय का बघा. येत नसेल तर फ्यूजकडे परत जा. येत असेल तर दोष पुढच्या वायरीत आहे, पायरी ८.

यांत्रिक स्विच बहुधा फक्त सेटिंग मागतो. लॉकनट सैल करा, पाय नसताना बटण पूर्ण आत दाबलेलं असेल आणि पेडल ५ ते १० मिलिमीटर खाली गेल्यावर दिवा लागेल असा बसवा. पेडलवरचा रबरी ठोकळा झिजून पडला तर बटण सुटं राहतं आणि दिवा अहोरात्र पेटतो. चावीविना चालणाऱ्या सर्किटात ३.५ अँपिअर गुणिले १२ तास म्हणजे ४२ अँपिअर-तास. सकाळपर्यंत छोटी बॅटरी संपलेली असेल.

दाबावरच्या स्विचचे संपर्क दोन्ही बल्बांचा पूर्ण करंट झेलतात आणि हळूहळू जळतात, म्हणून तो आधी जोरात दाबल्यावरच लागू लागतो आणि मग बंद पडतो. दिवे पेटलेले असताना त्याच्या दोन टोकांत ०.३ व्होल्टहून जास्त दिसले तर बदला. टर्मिनलजवळ ओल दिसली तर मापाची वाटही बघू नका. ते ब्रेक ऑइल आहे, म्हणजे ब्रेकच गळतोय.

हा स्विच काढणं म्हणजे ब्रेकची लाइन उघडणं. नव्याचे आटे जुन्याशी जुळवून पाहा, वॉशर नवा वापरा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. नंतर ब्लीडिंग करून (लाइनमधली हवा काढून) पेडल कडक लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्लीडिंग कधी केलेलं नसेल तर एवढं काम ब्रेकच्या मेकॅनिककडे द्या.

हल्लीचे काही स्विच लवकर जळतात. तसं असेल तर चार पिनचा १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) उपयोगी पडतो: पिन ३० वर बॅटरीकडून १० अँपिअरच्या फ्यूजमधून करंट, ८७ वरून मागे जाणारी वायर, ८६ वर स्विचमधून येणारी, ८५ बॉडीला. मूळ जोड साफ केल्यावरच हे करा.

८. मधली वायर

ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत चावीनंतरची फ्यूजमधली वायर हिरवी, ब्रेक लाइटची हिरव्यावर जांभळी रेघ असलेली, टेलची लाल, अर्थिंगची काळी असते. चाळीस वर्षांत कोणीतरी हाती लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असणार, म्हणून रंगावर नव्हे, मीटरवर भरवसा ठेवा.

मॅट उचला, डिकीचं अस्तर काढा आणि टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड उघडा. पीळ देऊन टेप लावलेले जोड कापून क्रिंप करा आणि हीट श्रिंक चढवा. सोल्डर करायचंच असेल तर राळेचा फ्लक्स वापरा, ॲसिडचा नको, तो आतून तार खातो. इन्सुलेशन सोलल्यावर तांबं काळं निघालं तर चकचकीत भाग येईपर्यंत मागे कापत जा. वारंवार काळंच निघत असेल तर स्विचपासून मागेपर्यंत १.५ ची नवी वायर टाका. ५ मीटरला ३.५ अँपिअरवर तिच्यात सुमारे ०.२ व्होल्टच जातात.

एलईडी बल्बने मंदपणा झाकू नका. कमी करंटमुळे तो खराब जोडातूनही पेटतो, पण गंज वाढत राहतो. सगळं दुरुस्त झाल्यावर लावायचाच असेल तर लाल लेन्सला लाल एलईडी घ्या.

९. शेवटची तपासणी

कॉइलची वायर परत जोडा. संध्याकाळी गाडी स्टिल्टच्या भिंतीकडे मागे घ्या, टेल लाइट लावून पेडल हलकं दाबा आणि आरशातून बघा: दोन्ही लाल ठिपके एकदम आणि सारखे उजळले पाहिजेत. मग इंजिन चालू ठेवून, इंडिकेटर देत, पुन्हा. ठाणे-बेलापूर रोडवर एक फेरी मारून आल्यावर होल्डरला हात लावा, कोमट चालेल, चटका नको.

दसऱ्याला गाडी धुताना मागच्या दिव्यांवर आणि डिकीच्या कडेला पाइपचा जोर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि आठवडाभराने डिकीतला अर्थिंगचा बोल्ट १० च्या पान्याने पुन्हा एकदा आवळा. नवा जोड बसताना तो थोडा सैल होऊ शकतो.